रंगकामाचं कोटेशन : कोकणातल्या घराचा हिशेब भिंतीनुसार कसा मांडायचा

"भाऊ, घर रंगवायचंय. अंदाजे किती होतील?" असा फोन आला की विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो, आणि आपल्या जिभेवरही एक आकडा तयार असतो. तो सांगू नका. फोनवर सांगितलेला आकडा समोरच्याच्या डोक्यात पक्का बसतो आणि पुढे घर बघून कितीही नीट हिशेब दिला तरी "तेव्हा तर तुम्ही चाळीस म्हणाला होतात" हे वाक्य ऐकावंच लागतं. "घर बघतो, माप घेतो, दोन दिवसांत लेखी देतो," एवढंच उत्तर पुरेसं आहे.

हा लेख अंगावर काम घेणाऱ्या पेंटर मंडळींसाठी आहे. घरमालकांनीही वाचायला हरकत नाही, कारण कोटेशनमध्ये काय असायला हवं हे त्यांना कळलं तर आपलंच काम सोपं होतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात रंगकामाचा दर क्षेत्रफळापेक्षा भिंतीच्या अवस्थेवर ठरतो. एकाच घराची पूर्वेची भिंत नुसती झाडून रंगाचे दोन हात (थर) मारले तरी चालते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर रंगापेक्षा खरवडण्यात जास्त मजुरी जाते. दोन्हींना एकच दर लावला की एकतर आपण बुडतो नाहीतर मालक जास्त पैसे मोजतो. म्हणून भिंत तयार करण्याचा खर्च आणि रंग लावण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळींवर लिहायचा.

पाहणी: आधी भिंत, मग टेप

घर बघायला जाताना टेप, बॅटरी, लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा, चिकटपट्टी, जाड प्लास्टिकचे दोन-चार तुकडे आणि खडू बरोबर ठेवा. मोबाइल असतोच.

सुरुवात घराबाहेरून करा, आणि तीही पश्चिम-नैऋत्येकडून. रत्नागिरी, सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मिरगापासून तो वाऱ्यासकट याच बाजूने भिंतीवर आपटतो. किनाऱ्याजवळ खारा वाराही तिथूनच येतो. छज्जाच्या वरच्या अंगाला साचलेलं शेवाळ, पाइपाच्या सांध्याखाली उतरलेले काळे ओघळ, चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या चिरा, हे सगळं याच बाजूला जास्त दिसेल. मग जोत्याकडे बघा. पागोळीचं पाणी अंगणात पडून लाल माती उडते, आणि खालचा दीड-दोन फुटांचा भाग कायमचा तांबडा होतो. तिथे फिका रंग कितीही भारी वापरला तरी पहिल्याच पावसात डाग पडणार. तिथे गेरू किंवा चॉकलेटी पट्टा सुचवा आणि तो रनिंग फुटावर (फक्त लांबीच्या मापावर) वेगळा धरा.

आत आल्यावर न्हाणीघराच्या किंवा संडासाच्या पाठीमागची भिंत, स्लॅबचे कोपरे आणि जमिनीलगतचा भाग आधी बघायचा. तळव्याने भिंत पुसा. हाताला पांढरी पूड लागली तर जुना रंग मेला आहे, त्यावर थेट नवा रंग धरणार नाही. पत्र्याची कड पोपड्याखाली घालून बघा, रंग किती लांबपर्यंत उचलतो ते कळतं. जिथे रंग वरून चांगला दिसतो तिथे चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तेवढी सगळी भिंत खरवडायला धरायची.

ओलीची शंका असेल तर प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा भिंतीला चारी बाजूंनी पट्टी मारून चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काढला की भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीच्या पोटातली आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती हवेतली ओल आहे. दोन्हींचे इलाज वेगळे आणि खर्चही वेगळे. मालकाला तो तुकडा दाखवून बोललात तर तुमचं म्हणणं पटवायला वेगळं काही करावं लागत नाही.

भिंतीवर पांढरे, खरबरीत, मिठासारखे कण दिसले तर लोणा लागलेला आहे. खाडीची वाळू न धुता वापरलेली असली किंवा जोत्यातून ओल चढत असली की हे होतं. पाण्याने धुवायची घाई करू नका. पाण्यात ते मीठ विरघळून परत आत शिरतं. आधी कोरड्या ब्रशने झाडून काढायचं, आणि ओल कुठून येते ते बंद झाल्याशिवाय त्या भागाची हमी द्यायची नाही. हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा.

जुन्या घरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. चिऱ्याची भिंत गिलावा केलेली आहे की उघडी, यावर सगळं गणित फिरतं. जांभा सच्छिद्र दगड आहे, रंग पितो. उघड्या चिऱ्यावर डब्यावरच्या आकड्याइतकं क्षेत्र कधीच भरत नाही. शिवाय खाचाखोचांमुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग टेपने मोजलेल्या मापापेक्षा जास्त असतो. तिथे आधी एका कोपऱ्यात मोजून दहा चौरस फूट रंगवून बघा आणि किती माल गेला ते टिपा. खरं तर सुंदर घडीव चिरा असेल तर तो रंगाने झाकण्यापेक्षा सांधे भरून वर पाणी न शोषणारं पारदर्शक लेपन द्यावं, असं मी मालकाला आवर्जून सांगतो. मातीच्या भिंतीवर किंवा वर्षानुवर्षं चुन्याचे हात चढलेल्या भिंतीवर इमल्शन (पाण्यात मिसळायचा प्लास्टिकसारखा रंग) मारायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. चुन्याचे थर पूर्ण खरवडले नाहीत तर इमल्शन त्यांच्यासकट पापुद्र्यासारखं सुटतं, आणि मातीच्या भिंतीची ओल त्याच्यामागे कोंडून राहते. तिथे चुनाच बरा. तो स्वस्त आहे म्हणून आपला धंदा कमी होईल, पण भिंत टिकेल.

पाहणी करता करता प्रत्येक भिंतीवर खालच्या कोपऱ्यात खडूने अक्षर टाका: अ, ब, क, ड. त्या अक्षरासकट फोटो काढा. पुढे कोटेशनमध्ये "भिंत क" लिहिलं की कोणती भिंत यावर वाद होत नाही.

माप

आपल्याकडे 100 चौरस फूट म्हणजे एक ब्रास. कोटेशनमध्ये ब्रास आणि चौरस फूट दोन्ही लिहा, कारण मालकाच्या मुंबईतल्या मुलाला ब्रास कळेलच असं नाही. इंजिनियरचं माप चौरस मीटरमध्ये आलं तर 10.76 ने गुणा.

दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, यावरून सर्वांत जास्त खटके उडतात. भारतीय मानक आयएस 1200 मधली पद्धत सोपी आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतची उघडी जागा वजा करायची नाही. त्यापुढे 3 चौरस मीटरपर्यंत (सुमारे 32 चौरस फूट) भिंतीच्या दोन्ही बाजू रंगवत असू तर एकाच बाजूने वजा करायची, दुसरी बाजू कडांच्या (उघड्या जागेभोवती दिसणाऱ्या भिंतीच्या जाडीच्या) मापात जिरते. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करून कडा वेगळ्या मोजायच्या. फक्त बाहेरचं किंवा फक्त आतलं काम असेल तेव्हा मी सरळ पूर्ण जागा वजा करतो आणि कडा वेगळ्या जोडतो. कुठलीही पद्धत घ्या, पण ती कोटेशनमध्ये एका ओळीत लिहा.

दारांचंही तसंच. पॅनेलच्या दाराला नक्षी आणि खाचा असतात, म्हणून प्रत्येक बाजूचं माप 1.3 ने गुणतात, फ्लश म्हणजे सपाट दाराला 1.2 ने. 3 बाय 7 चं पॅनेलचं दार दोन्ही बाजूंनी रंगवायचं तर 21 × 1.3 × 2, म्हणजे साडेचोपन्न चौरस फूट. ग्रिल सगळीकडून रंगवायची असेल तर तिचं एका बाजूचं सपाट माप एकदाच धरतात. किनाऱ्याजवळच्या ग्रिलला मात्र गंज खरवडणं, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढणं, वाळवणं आणि मग प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) एवढं काम आहे. ते रंगाच्या दरात लपवू नका, वेगळी ओळ करा. कौलारू घराचे वासे आणि रिपा रनिंग फुटावर धरा. तिथे रंगाऐवजी काजूच्या टरफलांचं तेल लावायचं असेल तर तसं लिहा.

आता एक उदाहरण. गुहागरच्या बाजूचं एक कौलारू घर, बाहेरून गिलावा केलेलं, 30 बाय 40 फूट, भिंतीची उंची 11 फूट. परिघ 140, गुणिले 11, म्हणजे 1540. दोन्ही टोकांना आढ्यापर्यंतचे त्रिकोण असतात आणि घाईत तेच विसरले जातात. 30 फूट पाया, 7 फूट उंची, एक त्रिकोण 105, दोन मिळून 210. एकूण 1750.

पुढचं दार 4 बाय 7, मागचं 3 बाय 7, आणि 4 बाय 4 च्या आठ खिडक्या. 28 अधिक 21 अधिक 128, असे 177 वजा. कडा अर्ध्या फुटाच्या धरल्या तर प्रत्येक खिडकीच्या 8, म्हणजे 64, आणि दोन दारांच्या मिळून साडेसतरा. त्या जोडल्या की उरतात सुमारे 1655. खिडक्यांवर आठ छज्जे, 5 बाय दीड फुटांचे. वरचं अंग, खालचं अंग आणि पुढची पट्टी धरून प्रत्येकी सुमारे 18, म्हणजे 144. बेरीज 1799, म्हणजे 18 ब्रास.

माल आणि मजुरी

रंगाच्या डब्यावर लिटरमागे किती चौरस फूट भरतील हे लिहिलेलं असतं, पण ते गुळगुळीत, कोरड्या भिंतीसाठी. बाहेरच्या गिलाव्यावर दोन हातांना लिटरमागे 50 चौरस फूट धरणं सुरक्षित. खरखरीत गिलावा असेल तर 35 ते 40. आतल्या लांबी भरलेल्या भिंतीवर 60 ते 70 पर्यंत जातं. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात किलोमागे 10 ते 15 चौरस फूट भरतात. भिंत वाकडीतिकडी असेल तर त्याहूनही कमी.

आपल्या 1800 चौरस फुटांना दोन हात द्यायचे तर 36 लिटर बाहेरचं इमल्शन, आणि प्रायमरचा एक हात लिटरमागे 90-100 धरून 20 लिटरची बादली. मजुरीत दोन पेंटर, एक मदतनीस: धुणं आणि शेवाळाचं औषध एक दिवस, पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत खरवडून चिरा भरणं तीन दिवस, प्रायमर एक दिवस, दोन हात चार दिवस. मिळून नऊ दिवस.

खालचे दर फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत. आपल्या गावातली मजुरी आणि आपल्या दुकानदाराचा भाव त्या जागी घाला. पेंटर रोजचे 1000, मदतनीस 700 धरला तर दिवसाचे 2700, नऊ दिवसांचे 24,300. इमल्शन लिटरला 350 ने 12,600, प्रायमर 3000, चिरा भरायचा माल, औषध, पॉलिश पेपर, ब्रश-रोलर मिळून 4500, परांची आणि टेम्पो 5000. मालाचे एकंदर 25,100. दोन्ही मिळून खर्च 49,400.

त्यावर नफा आणि आपला फोन, पेट्रोल, पाहणीच्या फेऱ्या यांसाठी 20 टक्के, म्हणजे 9880. पाऊस किंवा सण यामुळे काम खोळंबतं म्हणून 5 टक्के, 2470. एकूण 61,750, म्हणजे चौरस फुटाला सव्वाचौतीसच्या आसपास. एक गोष्ट ध्यानात ठेवा: खर्चावर 20 टक्के चढवले की ते बिलाचे 20 टक्के होत नाहीत, साडेसोळाच्या आसपास होतात. मालकाने "दहा टक्के सोडा" म्हटलं की आपल्या हातात नक्की काय उरणार, हे त्या क्षणी माहीत असायला हवं.

सूट द्यायचीच असेल तर कामात द्या: एखादी भिंत पुढच्या वर्षावर ढकला, छज्जाखाली साधा रंग घ्या. दर तोच ठेवून हातांची संख्या गुपचूप कमी करायची नाही.

कागदावर काय लिहायचं

वरच्या घराचं कोटेशन मी असं लिहीन:

भिंत क (पश्चिम) आणि भिंत ड (दक्षिण): सैल रंग पत्र्याने खरवडणे, शेवाळाचे औषध मारून दुसऱ्या दिवशी धुणे, चिरा खोलून भरणे. मजुरी आणि मालासकट रक्कम वेगळी.
सर्व बाहेरच्या भिंती, 18 ब्रास: बाहेरच्या प्रायमरचा एक हात, इमल्शनचे दोन हात. कंपनी, प्रकार आणि शेडचा नंबर.
जोत्यालगत पट्टा: 140 रनिंग फूट उणे दारांची रुंदी.
परांची, वाहतूक आणि काम संपल्यावरची सफाई धरलेली आहे.
धरलेलं नाही: कौलांची दुरुस्ती, पाइपाची गळती, ग्रिल आणि दारं, आतलं काम.
मालकाने द्यायचं: पाणी, वीज, माल ठेवायला कुलपाची खोली.

कंपनीचं नाव लिहून भागत नाही. एशियन पेंट्सचेच 'एस', 'अपेक्स' आणि 'अपेक्स अल्टिमा' हे बाहेरचे तीन रंग वेगवेगळ्या भावाचे आणि वेगवेगळ्या टिकाऊपणाचे आहेत. नुसतं "एशियनचा रंग" लिहिलं की मालकाच्या मनात सर्वांत भारी असतो आणि आपल्या हिशेबात मधला. "दोन हात" असं लिहिलं असेल तर गडद शेडवर फिकी शेड मारताना तिसरा हात लागू शकतो, त्याचा चौरस फुटाचा दर तिथेच लिहून ठेवा.

हमीबद्दल प्रामाणिक राहा. रंग सुटला तर आपली जबाबदारी, गळतीमुळे किंवा जोत्याच्या ओलीमुळे सुटला तर नाही, आणि कुठल्या भिंतीवर ती ओल आत्ताच दिसते हे अक्षरासकट लिहा. नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस वाळल्याशिवाय रंग लावणार नाही, हेही.

चाकरमानी आणि भावकी

आपल्याकडची निम्मी घरं अशी आहेत की मालक मुंबई-पुण्यात आणि किल्ली शेजाऱ्याकडे. मालक घर बघतो गणपतीला आणि शिमग्याला. त्यामुळे कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि तिथून पाच भावंडांच्या ग्रुपवर फिरतं. त्यातल्या तिघांनी भिंत दोन वर्षांत पाहिलेली नसते. फोटो नसलेलं कोटेशन अशा वेळी वादाला निमंत्रण देतं. प्रत्येक ओळीच्या शेजारी त्या भिंतीचा फोटो जोडा. पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला तर आणखी उत्तम: पत्रा घालताच पोपडा कसा सुटतो ते ज्याने पाहिलं, तो खरवडण्याच्या पैशांवर घासाघीस करत नाही.

घर सामायिक असेल तर आकडे सुरुवातीपासूनच वाटणीनुसार मांडा. थोरल्या भावाच्या दोन खोल्या, धाकट्याच्या दोन, काकांची एक, आणि ओटी, पडवी, देवघर, बाहेरच्या भिंती सामायिक. सामायिक भागाची रक्कम कोण किती देणार हे त्यांनी ठरवायचं, आपण त्यात बोलायचं नाही. आपण फक्त प्रत्येक भागाची बेरीज वेगळी द्यायची. आणि एकच माणूस "हो" म्हणायला नेमून घ्या, नाव लिहून. नाहीतर थोरले दादा क्रीम म्हणतील, काकी पिस्ता म्हणतील, आणि बादल्या उघडलेल्या असतील.

गणपतीआधीचं काम

श्रावण लागला की फोन सुरू होतात: "चतुर्थीच्या आधी झालंच पाहिजे." तेव्हा भिंती पावसाने भिजलेल्या, हवा दमट, आणि दोन हातांमधला रंग वाळायलाही वेळ लागतो. बाहेरचं काम या दिवसांत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कितीही पैसे मिळत असले तरी. ओल्या भिंतीवर मारलेलं इमल्शन दिवाळीपर्यंत फुगे धरतं आणि नाव आपलं जातं.

पण घरात बाप्पा बसणार आणि ओटी काळवंडलेली, हे मालकाला बघवत नाही, तेही खरं. अशा वेळी कोटेशनच दोन टप्प्यांत द्या. पहिला टप्पा चतुर्थीआधी: गणपती बसणारी ओटी आणि देवघर, जिथे प्लास्टिकचा तुकडा कोरडा निघाला आहे तेवढ्याच भिंती. दुसरा टप्पा दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर: बाहेरचं सगळं आणि आतल्या ओल्या खोल्या. दोन्ही टप्प्यांचे दर आजच लिहून द्या, पण दुसऱ्या टप्प्याच्या मालाचा भाव त्या वेळच्या दुकानदाराच्या बिलाप्रमाणे बदलेल, अशी ओळ हवी. बाहेरच्या कामाला आपल्याकडे दिवाळीपासून मेअखेरपर्यंतच खरा हंगाम आहे.

पैसे, कर आणि वाढीव काम

कोटेशनची मुदत 30 दिवस ठेवा. पैशांचे टप्पे कामाला बांधा, तारखांना नको: माल उचलताना 40 टक्के, प्रायमर झाल्यावर 30, शेवटचा हात सुरू करताना 20, आणि मालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने काम बघितल्यावर 10. मुंबईचा मालक यूपीआयने पाठवतो. प्रत्येक रक्कम कशाची, हे मेसेजमध्ये त्याच वेळी लिहून घ्या.

जीएसटीची नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर रंगकामावर 18 टक्के लागतो, आणि दर "जीएसटी वेगळा" आहे की "धरून" आहे हे बेरजेच्या लगेच खाली लिहा.

वाढीव काम जवळजवळ प्रत्येक घरात निघतं. परांची लागलेलीच आहे म्हणून गोठ्याची भिंतही मारून टाका, असं कुणीतरी म्हणतंच. नाही म्हणू नका, पण ब्रश उचलायच्या आधी माप घ्या आणि मेसेज पाठवा: "गोठ्याची भिंत, 84 चौरस फूट, प्रायमर आणि दोन हात, कोटेशनमधल्याच दराने, एवढी रक्कम. चालेल का?" समोरून "चालेल" आलं की सुरू करा. काम संपल्यावर शेवटच्या बिलात मूळ कोटेशनच्या ओळी जशाच्या तशा ठेवा आणि वाढीव ओळी त्यांच्याखाली तारखेसकट लिहा.